शिवार हेच एकक : भुसावळ परिसरातील कृषिविस्तार-कार्यक्रमांचे विवेचन

भुसावळ हे सामान्यतः आगगाडीचे गाव म्हणून ओळखले जाते. परंतु नागपूर व जबलपूर या दोन दिशांना जाणारे लोहमार्ग जेथे फुटतात, त्या जंक्शनच्या सभोवार तापीच्या काळ्या, खोल जमिनीत केळी, कापूस, ज्वारी, उडीद, मूग व हरभरा यांची शेती पसरलेली आहे. नदीच्या दक्षिणेस भुसावळ तालुका आणि उत्तरेस सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत गेलेले यावल व रावेर हे तालुके, असा हा टापू होय. येथे शेतकऱ्यांसाठी वर्षभर काही ना काही कार्यक्रम होत असतात. वैशाखात खरीपपूर्व बैठका होतात. १ जुलै हा कृषिदिन म्हणून पाळला जातो. पेरणीनंतर शेतीशाळा व शिवारफेऱ्या सुरू होतात. पीक उभे असता प्रात्यक्षिकांची पाहणी होते. आणि सुगीनंतर मेळावे व प्रदर्शने भरतात. तालुका कृषी अधिकाऱ्याचे कार्यालय, पंचायत समितीचा कृषिविभाग, कृषिविद्यापीठाची संशोधनकेंद्रे आणि कृषिविज्ञानकेंद्रे या सर्वांचा त्यांत वाटा असतो.

या कार्यक्रमांचा हिशेब बहुधा संख्येने ठेवला जातो : मेळावे किती, उपस्थिती किती, प्रात्यक्षिके किती. ही संख्या आवश्यक आहे, परंतु कार्यक्रमाने नेमके काय साधले हे तिच्यावरून कळत नाही. मेळाव्याहून परतलेला शेतकरी दुसऱ्या दिवशी आपल्या शेतात काही वेगळे करतो की नाही, आणि करीत नसल्यास का करीत नाही, हाच विस्तारशास्त्राचा मूळ प्रश्न होय. प्रस्तुत लेखात खानदेशातील अनुभवाच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे. सर्व कृषिसल्ला एकाच जातीचा नसतो. सल्ल्याच्या जातीप्रमाणे कार्यक्रमाचे रूपही बदलावे लागते, हे येथील प्रतिपाद्य आहे.

१. विस्ताराची पूर्वपीठिका

‘विस्तार’ ही संज्ञा शेतीत विद्यापीठांकडून आली. विद्यापीठाच्या भिंतींबाहेरील लोकांना व्याख्यानांद्वारे ज्ञान देण्याचा उपक्रम केंब्रिज विद्यापीठाने १८७३ मध्ये सुरू केला, तेव्हापासून तो शब्द रूढ झाला. शेतीतील विस्ताराला आजचे रूप मिळाले ते अमेरिकेत. १९०३ मध्ये टेक्सास राज्यातील टेरेल या गावी सीमन नॅप यांनी एका शेतकऱ्याच्याच जमिनीवर, त्याच्याच हातून सुधारलेली लागवड करवून घेतली. या प्रयोगातील विशेष ध्यानात घेण्यासारखा आहे. पीक बुडाल्यास शेतकऱ्याचे नुकसान भरून देण्यासाठी गावातील नागरिकांनी आधीच निधी उभा केला होता. म्हणजे नव्या पद्धतीचा धोका एकट्या शेतकऱ्यावर न टाकता गावाने वाटून घेतला होता. पुढे १९१४ च्या स्मिथ-लीव्हर कायद्याने अमेरिकेतील जिल्हावार विस्तारसेवेला कायमचा पाया मिळाला.

खानदेशातही सरकारी शेताची परंपरा जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भडगाव येथे सरकारी प्रायोगिक शेत होते. १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले. १९२० नंतरच्या दशकात मुंबई इलाख्यात तालुका विकास संघांची योजना आली. सभासदांच्या वर्गणीस सरकारी अनुदानाची जोड देऊन बियाणे, अवजारे व प्रात्यक्षिके यांचा प्रसार करावा, अशी तिची रचना होती. १९२६ मध्ये नेमलेल्या शेतकीविषयक राजकीय आयोगाने या संघांच्या कार्याची दखल घेतली.

याच परिसरातील एका मोठ्या लोककार्यक्रमाचा उल्लेख येथे अवश्य केला पाहिजे. डिसेंबर १९३६ मध्ये यावल तालुक्यातील फैजपूर येथे राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले हे पहिलेच अधिवेशन. पंडित जवाहरलाल नेहरू अध्यक्ष होते आणि धनाजी नाना चौधरी यांनी त्याच्या सिद्धतेसाठी अपार परिश्रम घेतले. त्या वेळी खादी व ग्रामोद्योगांचे प्रदर्शन भरले, त्याचे उद्घाटन महात्मा गांधींनी केले. सजावट नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या स्थानिक साधनांतून उभी केली. खेडुताला खेड्यातलीच वस्तू नव्या दृष्टीने दाखवावी, हा प्रदर्शनाचा हेतू आजच्या कृषिप्रदर्शनांनीही लक्षात ठेवण्याजोगा आहे.

स्वातंत्र्यानंतर २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास योजना आणि पुढच्याच वर्षी त्याच तारखेस राष्ट्रीय विस्तारसेवा सुरू झाली. सुमारे शंभर गावांचा एक गट, त्यावर गटविकास अधिकारी आणि दहाएक गावांमागे एक ग्रामसेवक, अशी ती योजना होती. शेती, आरोग्य, शिक्षण, रस्ते, सहकार ही सर्वच कामे ग्रामसेवकावर पडल्यामुळे शेतीसाठी त्याला किती वेळ उरतो, हा आक्षेप तेव्हापासून घेतला जात आहे. १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा व पंचायत समित्या अस्तित्वात आल्या आणि विस्ताराचे बरेचसे काम लोकनियुक्त संस्थांकडे गेले. १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या साहाय्याने ‘प्रशिक्षण व भेट’ पद्धत आली. डॅनियल बेनॉर यांनी आखलेल्या या पद्धतीत कार्यकर्त्याने ठरलेल्या दिवशी ठरलेल्या गावी जावे, निवडक संपर्क-शेतकऱ्यांस भेटावे आणि त्यांच्याकडून सल्ला इतरांपर्यंत पोचावा, अशी अपेक्षा होती. १९९८ मध्ये राज्याच्या कृषिखात्याची पुनर्रचना होऊन मृदसंधारण, फलोत्पादन व शेती या शाखा एका छत्राखाली आल्या, आणि गावपातळीवर कृषी सहायक हा शेतकऱ्याला भेटणारा मुख्य माणूस ठरला. कृषिविज्ञानकेंद्रांची सुरुवात १९७४ मध्ये पुदुच्चेरी येथे झाली. जळगाव जिल्ह्यात रावेर तालुक्यातील पाल येथे व जळगावनजीक ममुराबाद येथे अशी केंद्रे आहेत.

या इतिहासात यंत्रणा वारंवार बदलली, नावे बदलली. परंतु सल्ला देणारा एक आणि तो अमलात आणणारा दुसरा, हे द्वैत कायम राहिले. नुकसान झाले तर ते दुसऱ्याचे होते. म्हणून पुढील विवेचन सल्ल्याच्या बाजूने न करता शेतकऱ्याच्या निर्णयाच्या बाजूने केले आहे.

२. सल्ल्याचे तीन प्रकार

पहिला प्रकार एकट्याने घ्यावयाच्या व एकट्यालाच लाभ देणाऱ्या सुधारणेचा होय. सुधारलेले वाण हे त्याचे ठळक उदाहरण. जळगाव येथील संशोधनकेंद्रातून १९७० च्या दशकाच्या अखेरीस आलेला ‘जेएल-२४’ अर्थात ‘फुले प्रगती’ हा उपट्या भुईमुगाचा वाण खानदेशाबाहेर देशाच्या अनेक भागांत पसरला. लवकर येणारे, चांगले उत्पन्न देणारे हे पीक शेजाऱ्याच्या शेतात उभे दिसले की पुढच्या हंगामात बियाण्याची मागणी आपोआप होते. अमेरिकेतील आयोवा राज्यात संकरित मक्याच्या प्रसाराचा जो अभ्यास रायन व ग्रॉस यांनी १९४३ मध्ये प्रसिद्ध केला, त्याचाही निष्कर्ष असाच आहे. बियाण्याची पहिली वार्ता शेतकऱ्यांना विक्रेत्यांकडून कळली, परंतु खात्री पटली ती शेजाऱ्याच्या अनुभवाने. आणि वार्ता व स्वीकार यांत कित्येक वर्षांचे अंतर पडले. अशा सुधारणेसाठी पीक-प्रात्यक्षिक पुरेसे असते. ते रस्त्यालगतच्या शेतात असावे, शेजारी जुन्या पद्धतीचा पट्टा तुलनेस ठेवावा आणि पाहणी काढणीच्या वेळी व्हावी, एवढीच पथ्ये आहेत. प्रात्यक्षिकासाठी गावातील सर्वांत सधन बागायतदार निवडला, तर मात्र कोरडवाहू शेतकरी ‘त्याला जमेल, आपल्याला कसे जमणार’ असे म्हणून परत जातो.

दुसरा प्रकार कौशल्याचा. येथे माहिती असून भागत नाही, हात बसावा लागतो. सोयाबीनच्या घरच्या बियाण्याची उगवण तपासणे ही साधी गोष्ट घ्या. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे ओळीने मांडून, गुंडाळून ठेवावेत व काही दिवसांनी कोंब मोजावेत. सत्तर वा अधिक दाणे उगवले तर नेहमीच्या प्रमाणात पेरावे, कमी उगवले तर बियाण्याचे प्रमाण वाढवावे. ही कृती भाषणात ऐकली तर विसरली जाते. स्वतः एकदा केली तर आयुष्यभर लक्षात राहते. बीजप्रक्रिया, ठिबक संचाची सफाई, केळीच्या घडाची निगा हीही कौशल्येच होत. १९९० च्या दशकात बसराईच्या जागी ग्रँड नैन जातीची ऊतिसंवर्धित रोपे व ठिबक सिंचन जळगाव जिल्ह्यात रूढ होऊ लागले, तेव्हा बागेचे एकूण वेळापत्रकच बदलले. कंदांच्या लागवडीत सुमारे दीड वर्ष चालणारे पीक सुमारे वर्षभरात काढणीस येऊ लागले. त्यामुळे खते केव्हा व किती सोडावीत, पिले केव्हा कापावीत, हे सारे पुन्हा शिकावे लागले. अशा ज्ञानासाठी मोठा मेळावा निरुपयोगी असतो. वीस-पंचवीस जणांची, प्रत्येकाच्या हाताला काम देणारी, पिकाच्या अवस्थांनुसार पुनःपुन्हा भरणारी शेतीशाळा हवी. आशियात या पद्धतीचा आरंभ १९८९ मध्ये इंडोनेशियातील भातशेतीत झाला, आणि महाराष्ट्रात ती आता कृषिखात्याच्या नित्य कार्यक्रमाचा भाग बनली आहे.

तिसरा प्रकार सर्वांत कठीण आहे. यात सल्ला बरोबर असतो, शेतकऱ्याला तो पटलेला असतो, कौशल्यही अवघड नसते. तरीही एकट्याने तो पाळून उपयोग होत नाही. संपूर्ण शिवाराने पाळला तरच तो फळतो. भुसावळ परिसरातील दोन प्रमुख पिकांपुढील आजचे दोन मोठे प्रश्न नेमके याच जातीचे आहेत.

३. कापूस व केळी : दोन उदाहरणे

कापसावरील गुलाबी बोंडअळीचा विचार करू. बीटी कापसास भारतात २००२ मध्ये मान्यता मिळाली, दोन जनुकांचा वाण २००६ मध्ये आला. पुढील दशकात या अळीत दोन्ही विषांविरुद्ध प्रतिकारशक्ती निर्माण झाली आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रात तिने मोठे नुकसान केले. ही अळी बोंडाच्या आत राहते, त्यामुळे फवारणी तिच्यापर्यंत पोचत नाही. हंगाम संपल्यावर ती पऱ्हाटीत, किडक्या बोंडांत व सरकीत सुप्तावस्थेत राहते. म्हणून उपाय पिकाच्या कालखंडावरच योजावा लागतो : फरदड घेऊ नये, डिसेंबर-जानेवारीपर्यंत शेत रिकामे करावे, पऱ्हाट्यांचे ढीग बांधावर साठवू नयेत, आणि पुढील लागवड जूनपूर्वी करू नये. मग सुप्तावस्थेतून निघालेल्या पतंगांना अंडी घालण्यास पाते-फुले मिळत नाहीत व त्यांची पिढी खुंटते. पीक उभे असता डोमकळ्या वेचून नष्ट कराव्यात आणि कामगंध सापळे लावावेत. एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आढळले, तर नियंत्रणाची वेळ आली असे समजावे.

आता जळगाव जिल्ह्यातील वास्तव पाहावे. ज्याच्या विहिरीस पाणी व शेतात ठिबक आहे, तो बागायतदार मे महिन्यातच कापूस लावतो. त्याचे गणित चुकीचे नाही. लवकरचा कापूस लवकर वेचणीस येतो व शेत रब्बीसाठी मोकळे होते. परंतु त्याच्या जूनअखेरच्या पात्या-फुलांवर अळीची पहिली पिढी पोसली जाते आणि पुढच्या पिढ्या शेजारच्या कोरडवाहू कापसावर उतरतात. लाभ एकाचा आणि भुर्दंड दुसऱ्याचा, अशी ही स्थिती. समजा, एका शिवारात पन्नास खातेदार आहेत. त्यांपैकी पंचेचाळीसांनी फरदड मोडली आणि पाचांनी ठेवली, तर पतंगांची पैदास त्या पाच शेतांत चालूच राहते. हे पाहिल्यावर पुढील वर्षी पंचेचाळीसांतील अनेकांना आपण व्यर्थ तोटा सोसला असे वाटते. यास अज्ञान म्हणता येत नाही. परस्परांविषयी खात्री नसणे, हे त्याचे कारण आहे.

केळीवरील काकडी-मोझॅक विषाणुरोगाची गोष्ट याहूनही तीव्र आहे. खानदेशात त्यास ‘हरण्या’ म्हणतात. पानांवर पिवळसर रेषा दिसतात, पाने आकसतात, पोंगा सडतो. मावा ही कीड त्याचा प्रसार करते. काकडीवर्गीय वेली, मिरची, टोमॅटो व कित्येक तणे यांत विषाणू आश्रय घेतो. रोग झालेल्या झाडावर औषध नाही. ते समूळ उपटून पुरणे वा जाळणे, बाग व बांध तणमुक्त ठेवणे, काकडीवर्गीय आंतरपीक टाळणे आणि माव्याचे नियंत्रण करणे, एवढेच हाती असते. जून-जुलैत लावलेल्या मृगबागेत ढगाळ, पावसाळी हवेत रोग बळावतो. रोपाची किंमत, खत, मजुरी सारे खर्चून झाल्यावर शेतकऱ्याला स्वतःच्या हाताने झाडे उपटावी लागतात. उपटल्याचा मुख्य लाभ शेजाऱ्याला होतो. न उपटल्याचा तोटाही शेजाऱ्याला होतो. फळपीक-विम्याचे निकष तापमान, वारा, गारपीट अशा हवामानाच्या बाबींचे असतात. शेजाऱ्याचे शेत वाचवण्यासाठी आपण केलेल्या त्यागाचा हिशेब त्यांत नसतो. टेरेलच्या नागरिकांनी १९०३ मध्ये उभारलेल्या निधीचे महत्त्व येथे पुन्हा प्रत्ययास येते.

हा प्रश्न खानदेशाला अगदीच नवा नाही. देशी कापसाच्या काळात आखूड धाग्याचा परंतु रुईचा उतारा अधिक देणारा ‘एनआर’ व लांब धाग्याचा ‘जरीला’ यांत अशीच अडचण होती. चांगल्या वाणाचा कापूसही जिनात इतर कापसाशी मिसळला, की रुईचा भाव उतरे आणि त्याच जिनातून येणारी सरकी बियाणे म्हणून भेसळीचीच राही. म्हणून १९२३ चा कापूस वाहतूक कायदा व १९२५ चा जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांचा कायदा करावा लागला. बियाण्याची शुद्धता ही एकट्याच्या शेतात राखता येत नाही, हे तेव्हाच्या शास्त्रज्ञांनी ओळखले होते.

४. चर्चेचे सामर्थ्य

तिसऱ्या प्रकारच्या सल्ल्याला कार्यक्रमाचे कोणते रूप साजेसे आहे? याचे एक उत्तर महाराष्ट्रातच झालेल्या प्रयोगात सापडते. १९५६ मध्ये युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीने पुणे, नाशिक व तेव्हाचे अहमदनगर यांसह पाच मराठी भाषिक जिल्ह्यांतील १५० खेड्यांत शेतकरी रेडिओ-मंडळे स्थापन केली. कॅनडातील उपक्रमाच्या धर्तीवर वीस कार्यक्रम झाले. ठराविक वेळी मंडळाने एकत्र बसून कार्यक्रम ऐकावा, त्यावर चर्चा करावी, काय करावयाचे ते ठरवावे आणि शंका केंद्राकडे पाठवाव्यात, असा क्रम होता. टाटा समाजविज्ञान संस्थेमार्फत पॉल न्यूरॅथ यांनी केलेल्या मूल्यमापनात असे दिसले की, मंडळे असलेल्या गावांत ज्ञानाची वाढ लक्षणीय झाली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत ती त्या मानाने अल्प होती. कार्यक्रम तोच, आवाज तोच. फरक केवळ एकत्र बसून बोलण्याचा होता.

चर्चेने ज्ञान वाढते हे खरेच. परंतु तिसऱ्या प्रकारच्या सल्ल्यात चर्चेचे आणखी एक कार्य असते. ‘मी फरदड मोडीन’ असे गावासमोर बोललेला माणूस आणि ते ऐकणारा शेजारी, या दोघांनाही परस्परांविषयी खात्री मिळते. म्हणून येथे तालुक्याच्या गावी भरणाऱ्या मेळाव्यापेक्षा एका शिवाराच्या सर्व खातेदारांची लहान सभा अधिक फलदायी ठरण्याचा संभव आहे. तीत शिवाराचा नकाशा पुढे ठेवून कोणत्या गटात कापूस, कोणत्या गटात केळी, कोणाची पऱ्हाटी अद्याप उभी, हे सर्वांसमक्ष नोंदवता येते. सभेची वेळही महत्त्वाची आहे. गुलाबी बोंडअळीची सभा ऑगस्टात घेणे म्हणजे आग लागल्यावर विहीर खणणे होय. तिची योग्य वेळ फरदडीचा निर्णय होतो तो डिसेंबर आणि लागवडीचा निर्णय होतो तो एप्रिल-मे, ही आहे.

५. सभेस कोण नसते

उपस्थितीच्या नोंदवहीत आणखी एक उणीव असते. निमंत्रण सातबाऱ्यावरील नावाला जाते, शेतातील काम मात्र पुष्कळदा दुसरेच हात करतात. डोमकळी प्रथम दिसते ती निंदणी करणाऱ्या स्त्रीला; किडकी बोंडे वेगळी होतात ती वेचणीत, आणि वेचणी जवळजवळ सर्वस्वी स्त्रियाच करतात. फवारणी व पाणी देण्याचे काम अनेक ठिकाणी सालदाराकडे असते. खानदेशात त्याचे साल आखाजीस, म्हणजे अक्षय्यतृतीयेस, ठरते. त्यामुळे खरीपपूर्व सभेच्या सुमारास नवा सालदार शेतात नुकताच आलेला असतो. त्याला सभेस बोलावले नाही, तर पूर्वी शिकवलेले सारे त्या शेतापुरते वाया जाते. बटाईदाराची स्थितीही अशीच : पीक त्याचे, परंतु योजनेच्या कागदावर त्याचे नाव नाही. स्त्रियांसाठी सभा दुपारी उन्हाच्या विसाव्यात शेताजवळ वा सायंकाळी वस्तीत घेणे, सालदारांसाठी आखाजीनंतर स्वतंत्र प्रात्यक्षिक ठेवणे, हे उपाय खर्चिक नाहीत. ज्याच्या नजरेला रोग प्रथम पडतो त्याला तो ओळखता आला पाहिजे, एवढेच हे सूत्र आहे.

६. उपसंहार

तात्पर्य, वाणासाठी प्रात्यक्षिक, कौशल्यासाठी शेतीशाळा आणि सामुदायिक उपायासाठी शिवारसभा, असा हा संबंध आहे. मेळाव्यालाही त्याचे स्थान आहे; तो वार्ता पोचवतो, उत्साह देतो व निरनिराळ्या गावांच्या लोकांची गाठ घालतो. परंतु त्याच्याकडून बाकीच्या तिन्हींचे काम मागितले, तर गर्दी होऊनही शेत होते तसेच राहते.

पदव्युत्तर अभ्यासकांना या विषयात पुष्कळ क्षेत्र मोकळे आहे. एखाद्या शिवारातील फरदडीखालील क्षेत्र सभेपूर्वी व सभेनंतर प्रत्यक्ष पाहून मोजता येईल. केळीच्या रोगट झाडांची उपटणी किती दिवसांत झाली, कोणी प्रथम केली, आणि त्यानंतर शेजाऱ्यांनी काय केले, याची नोंद ठेवता येईल. सभेस आलेल्यांपेक्षा न आलेल्यांच्या मुलाखती अधिक बोलक्या ठरतील. अशा मोजणीत उपस्थितीचा आकडा लहान दिसेल. मात्र पऱ्हाटी वेळेवर निघालेले एक शिवार हे विस्तारकार्याच्या फळाचे मंडपातील गर्दीहून अधिक विश्वसनीय प्रमाण आहे. आणि पुढील हंगामात त्या शिवारातील कोरडवाहू शेतकऱ्याच्या पदरात जे चार बोंडे अधिक पडतात, त्यांसाठीच ही सर्व यंत्रणा उभी आहे.